पावसाळ्याआधी गाडीचे टायर बदलावेत का?

माझा आतेभाऊ जर्मनीत राहतो. तिकडे ऑक्टोबर लागला की घरोघरी एकच विषय: हिवाळी टायर कधी चढवायचे? रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर त्या देशात हिवाळी टायरांशिवाय गाडी चालवायला कायद्यानेच मनाई आहे. गेल्या दिवाळीत तो फोनवर म्हणाला, "तुमचं बरं आहे, तुम्हाला टायरांचा ताप नाही." मी म्हटलं, "आमचा हिवाळा जूनमध्ये येतो."

बर्फाच्या टायरांचा मुंबईला उपयोग नाही, आणि का नाही हे एका आकड्यात सांगता येतं. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक व्हायला लागतं, म्हणून तिकडे वेगळ्या मऊ रबराचे टायर बनवतात. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे आपली इतिहासातली सगळ्यात गारठलेली रात्रसुद्धा त्या रेषेच्या वरच राहिली. पण पाऊस? सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी सुमारे २,३०० मिमी पडतो. आतेभाऊ दर ऑक्टोबरला जो हिशेब करतो, तो आपण दर मेमध्ये करायला हवा. बहुतेक जण करत नाहीत. गाडी सर्व्हिसिंगला दिली, "टायर ठीक आहेत साहेब" असं ऐकलं आणि झालं.

हा निर्णय स्वतः घेता येतो. त्यासाठी एक रविवार सकाळ, एक मोजपट्टी, एक टॉर्च आणि एक वही पुरते.

कधी बघायचं

मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मुंबईत मान्सून पोहोचण्याची नेहमीची तारीख ११ जून मानतात, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन थडकला. पहिली सर पडली की टायरच्या दुकानासमोर रांग लागते, आणि रांगेतल्या माणसाला दुकानात जे असेल ते गळ्यात पडतं. दुसरं कारण असं की नवा टायर पहिले दोनेकशे किलोमीटर थोडा निसरडाच असतो. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या रसायनाचा अंश त्याच्या अंगावर असतो, तो कोरड्या रस्त्यावर घासून गेलेला बरा.

आधी वहीत लिहा: गाडी पावसात जाते कुठे?

टायर बघण्याआधी स्वतःच्या फेऱ्या बघा. माझ्या ओळखीतले एक काका पार्ल्यातून बाजार, देऊळ आणि डॉक्टर एवढंच फिरतात, ताशी ३० च्या वर काटा क्वचित जातो. त्यांचा मुलगा रोज ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने ठाणे गाठतो आणि महिन्यातून दोनदा पुण्याला जातो. दोघांच्या टायरची झीज सारखी असली तरी उत्तर सारखं येणार नाही.

फरक वेगाचा आहे. टायरच्या खाचांचं पावसातलं काम एकच, चाकाखालचं पाणी बाजूला फेकणं. १८५ मिमी रुंदीचा टायर ताशी ८० किमीने ३ मिमी पाण्यावरून जातो तेव्हा त्याला सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी हटवावं लागतं, जवळजवळ एक बादली. एका टायरला, दर सेकंदाला. खाचा उथळ असतील तर पाणी जायला जागा राहत नाही, ते पुढे साचतं आणि चाक त्यावर चढतं. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबला तरी काही होत नाही. मी हे एकदा अनुभवलंय, एक्स्प्रेस वेवर पनवेलकडे उतरताना, जुलैत. एका सेकंदाचा मामला होता. ताशी ८० ला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, एवढंच सांगतो.

ताशी ३० ला पाण्याला निघून जायला वेळ मिळतो. म्हणून अटल सेतू (मोटारींना १०० ची मर्यादा), कोस्टल रोड, दोन्ही एक्स्प्रेस हायवे, पुण्याचा रस्ता आणि गणपतीला कोकण, यांतलं काहीही तुमच्या वहीत असेल तर तुम्ही कडक नियम लावा.

खाच मोजणं

टायरवाला अंगठा फिरवून सांगतो तो अंदाज. मोजमाप म्हणजे खाचेत घालायचा गेज, दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळतो. तोही नको असेल तर टूथपिक खाचेत उभी रोवा, टायरच्या पृष्ठभागाशी नख लावा, बाहेर काढून मोजपट्टीवर धरा. मोजपट्टी थेट घालायची असेल तर शून्य नेमकं कडेपासून सुरू होतं का ते बघा. बहुतेक शाळकरी पट्ट्यांत ते आत असतं आणि तिथेच दोन-तीन मिलिमीटरची चूक होते, म्हणजे सगळा निर्णयच उलटतो.

प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी मोजा. चार टायर, बारा आकडे. आतली कड दिसावी म्हणून पुढची चाकं पूर्ण वळवून ठेवा. मागच्यांसाठी टॉर्च घेऊन वाका, अंग मोडून घ्यावंच लागतं. सर्वांत लहान आकडा तोच त्या टायरचा आकडा, सरासरी काढायची नाही.

खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे दिसतील. ते झिजेचे निशाण, उंची १.६ मिमी. टायरची नक्षी त्यांच्या पातळीला आली की मोटारीसाठी टायर कायद्याने संपला. पण ही शेवटची रेषा आहे. पावसाळ्याची रेषा वर आहे, आणि टायर या विषयात डोकं घालणारे बहुतेक जण ती ३ मिमीला ओढतात. मीही.

आता आकडे असे वाचा. ४ मिमीच्या वर सगळं असेल तर टायर विकत घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. २ च्या खाली एकही टायर असेल तर बाकीचा लेख खरेदीच्या भागापासून वाचा. खरा प्रश्न मधल्यांचा. ३ ते ४ मध्ये असाल आणि शहरातच फिरत असाल तर हा पावसाळा निघतो. हायवेवर जात असाल तर पुढची वजाबाकी करा. २ ते ३ मध्ये असाल तर हायवेवाल्यांनी बदलावेत. पार्ल्याच्या काकांना मी सांगितलं की या वर्षी चालवा, पण पावसात पुण्याला मुलाच्या गाडीने जा.

वजाबाकी अशी. नवा टायर साधारण ८ मिमीचा असतो, १.६ पर्यंत यायला ६.४ मिमी झिजतो. तो ४०,००० किमी चालतो असं धरलं तर दर मिलिमीटरला ६,२५० किमी. तुमची गाडी जून ते सप्टेंबर ३,००० किमी चालत असेल तर अर्धा मिलिमीटर जाईल. म्हणजे मेमध्ये ३.२ मोजलेला टायर गणपतीला चिपळूणच्या वाटेवर असताना ३ च्या खाली उतरलेला असेल. आकडा मेचा बघायचा नाही, भाद्रपदाचा बघायचा.

जन्मतारीख

मुंबईतल्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. लोकल आहे, मेट्रो आहे, पार्किंग सोडवत नाही, त्यामुळे कित्येक गाड्या वर्षाला चार-पाच हजार किमीच चालतात. नक्षी छान दिसते, आणि रबर ऊन खाऊन वाळलेलं असतं. वाळलेलं रबर ओल्या डांबराला धरत नाही.

टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. बाहेरच्या बाजूला हे चार आकडे नसतील तर ते आतल्या बाजूला आहेत, पुन्हा वाका.

पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढावेत, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी सहा-सातच्या पुढे नेत नाही. भिंतीवर आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसताहेत का ते टॉर्च तिरका धरून बघा. नखाने उघडणारी भेग असेल तर मिलिमीटर विसरा.

स्टेपनीची जन्मतारीखही बघा. ती गाडीएवढीच जुनी असते आणि "वापरलीच नाही, नवी आहे" म्हणून लोक ती पुढे चढवतात.

झीज काय सांगते

मोजलेल्या बारा आकड्यांत एक चुगली असते. दोन्ही कडा जास्त झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली जाते आहे, मध्य झिजला असेल तर जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत असणं) बिघडली आहे, आणि आपल्या खड्ड्यांत, पेव्हर ब्लॉकच्या उंचसखल जोडांवर ती बिघडतेच. हे आधी दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर तेही तसेच जातील.

भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. खड्ड्यात जोरात आपटल्याची ती खूण. त्याला इलाज नाही, तो टायर त्याच दिवशी काढायचा. भिंतीवरचं पंक्चरही काढता येत नाही. मधल्या पट्ट्यातलं पंक्चर निघतं, पण रस्त्याकडेला बाहेरून घातलेली वात आणि टायर उतरवून आतून बसवलेला मशरूम पॅच यांत फरक आहे. वात म्हणजे घरी पोहोचायची सोय.

लवकर बदलण्याची खरी किंमत

"अजून चालतील की!" या वाक्यामागे पैसे असतात, तेव्हा पैसेच मोजू. माझ्या हॅचबॅकचे चार टायर २४,००० च्या आसपास जातात. ते ६.४ मिमीसाठी, म्हणजे मिलिमीटरला ३,७५०. १.६ ऐवजी ३ मिमीला बदलले तर १.४ मिमी न वापरता टाकला, किंमत ५,२५० रुपये. एकदाच, चार-पाच वर्षांतून. एका बंपरच्या रंगकामातही एवढे सहज जातात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुनी बिलं काढून घासाघीस करताना हे लक्षात असू द्या.

दोन की चार, आणि दोन असतील तर कुठे

इथे दुकानदाराशी तुमचं वाजणार आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. बजेट दोनचं असेल तर दुकानदार नवी जोडी सरळ पुढे बसवायला घेतो.

नवी जोडी मागे बसवायला सांगा, आणि मागचे बरे टायर पुढे.

हे ऐकायला उलटं वाटतं. कारण असं: ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंग हलकं झाल्याचं हाताला कळतं, पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून उठतो, वेग उतरतो, पकड परत येते. मागचे सुटले तर गाडीची शेपटी बाहेर येते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. कळेपर्यंत तोंड ठाण्याकडचं सायनकडे झालेलं असतं. अशी फिरलेली गाडी सावरणारे ड्रायव्हर फार थोडे, आणि त्यांत मी नाही.

यातली अट एकच. मागून पुढे येणारे टायर स्वतः ३ मिमीच्या वर हवेत. नसतील तर प्रश्न चारचाच आहे. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर चारही एकत्रच बदलावेत. आणि यापुढे दर ८ ते १० हजार किमीला टायर पुढेमागे फिरवत राहिलात तर चारही साधारण बरोबरीने संपतील.

दुकानात

आपल्या टायरवरची पूर्ण ओळ लिहून न्या. समजा १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ मिमी रुंदी, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची, ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. "८८ नाही, ८४ आहे, चालतं" असं कोणी म्हटलं तर चालत नाही. गणपतीला पाच माणसं, डिकीत सामान आणि वर शहाळी घेऊन निघाल्यावर तोच आकडा कामाला येतो.

नक्षीबद्दल: मधून गोल फिरणाऱ्या तीन-चार रुंद, खोल सरळ खाचा बघा. पाणी तिथून जातं. सफारीवाले रांगडे, मोठ्या ठोकळ्यांचे टायर चिखलासाठी असतात. ओल्या डांबरावर ते शहाणे नाहीत, रुबाब कितीही असो. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा हिशेबही पावसात पूर्ण लागू पडत नाही. रुंदी वाढली की हटवायचं पाणीही वाढतं.

पैसे देण्याआधी चारही टायरांची जन्मतारीख आणि आयएसआय खूण स्वतः वाचा. मला एका दुकानाने कागदात गुंडाळलेला कोरा करकरीत टायर दिला होता, तो अडीच वर्षांचा निघाला. मी तो घरी येऊन वाचला, चूक माझी. सहा-आठ महिन्यांचा माल ठीक, वर्ष उलटलेला असेल तर किंमत उतरवून घ्या किंवा दुसरा मागा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि इतरत्र जुने टायरही मिळतात, चकाचक. काळं पॉलिश केलेलं असतं, कधी गुळगुळीत टायरवर नव्या खाचा कोरलेल्या असतात. कोरताना आतल्या धाग्यांवरचं रबरच कमी होतं. पावसासाठी टायर घ्यायला निघालात तर तिकडे वळू नका.

बसवताना व्हॉल्व्ह नवे घाला, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट तिथेच करून घ्या, अलाइनमेंटचा छापील कागद मागा. नायट्रोजनचा आग्रह होईल. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट असेल तर भरा.

हवा

नव्या टायरएवढा फरक फुकटात पाडणारी गोष्ट ही. साचलेल्या पाण्याला टायर किती वेगावर शरण जातो यासाठी नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवरून काढलेलं एक ढोबळ सूत्र आहे. खाचांना हटवता येणार नाही इतकं पाणी असेल तर ३३ पीएसआय हवेच्या टायरला तो वेग ताशी ९५ किमीच्या आसपास येतो, २५ पीएसआयला ८३. टायर तोच, फक्त हवा कमी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा पाळा, गाडी थंड असताना तपासा, पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा. पावसात टायर घसरू नये म्हणून हवा कमी ठेवावी असं सांगणारे पेट्रोल पंपावर अजून भेटतात. ऐकू नका.

डिसेंबरात मनालीला निघालात तर

दरवर्षी कोणीतरी विचारतं म्हणून सांगतो. मुंबई ते मनाली दोन हजार किमीच्या आसपास, त्यांत बर्फ शेवटच्या काही किलोमीटरांत. तेवढ्यासाठी हिवाळी टायर विकत घेऊन ते राजस्थान-गुजरातच्या तापलेल्या डांबरावर झिजवण्यात अर्थ नाही. मऊ रबर उष्णतेत भराभर जातं. टायरवर नुसती एम आणि एस ही अक्षरं असणं म्हणजे हिवाळी टायर नव्हे. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असेल तर तो खरा. बर्फात टायरवर चढवायच्या आपल्या मापाच्या साखळ्या घ्या किंवा तिथे भाड्याने घ्या, इथे पार्किंगमध्ये एकदा लावून बघा, आणि ज्या चाकांना ताकद जाते त्यांनाच लावा. सोलंगच्या पुढे अटल बोगद्याकडे बर्फ पडल्यावर पोलीस बिनसाखळीच्या साध्या गाड्या मागे फिरवतात. मागे फिरा. टॅक्सीवाले आहेतच.

टायर जिथे काहीच करू शकत नाहीत

अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता. तिथे तुंबलेल्या पाण्यात ८ मिमी आणि २ मिमी सारखेच. इंजिनात पाणी गेलं की टायरचं बिल किरकोळ वाटतं. आणि पहिल्या दोन-तीन सरींत, रस्त्यावरचं महिनोन्‌महिन्यांचं तेल आणि धूळ वर येते तेव्हा, कोरे टायरही घसरतात. त्या दिवसांत पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट ठेवा. मध्ये रिक्षा घुसेल, घुसू द्या.

उतरवलेल्या टायरांपैकी सर्वांत बरा आणि तरुण असेल तो स्टेपनीत घाला. बाकीचे दुकानातच सोडा, ते काही पैसे वळतेही करतात. "असू दे, कामाला येईल" म्हणून सोसायटीच्या गच्चीवर टाकू नका. टायरमध्ये साचलेलं पाणी डेंग्यूच्या डासांना फार आवडतं, आणि जुलैत महापालिकेची माणसं नेमकं तेच शोधत गच्चीवर येतात.